आजोळच्या नदीत गळ

माझं आजोळ पाण्याखाली आहे. ऑफिसात एकदा मी हे सहज बोलून गेलो तर समोरच्याला वाटलं, गावाला पूर आलाय. तो बिचारा लगेच काळजीने विचारपूस करायला लागला. पूर नाही रे बाबा, धरण. उत्तर कन्नड जिल्ह्यात काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर सुपा नावाचं गाव होतं. तालुक्याचं ठिकाण होतं, आजच्या जोयडा तालुक्याला तेव्हा सुपा तालुकाच म्हणायचे. माझी आई तिथली. माझा जन्म होईपर्यंत गाव उठलं होतं, त्यामुळे आजोळी जाणं म्हणजे आमच्यासाठी थोरल्या मामांकडे रामनगरला जाणं. सुप्याच्या धरणात घरं गेलेल्या पुष्कळ कुटुंबांचं पुनर्वसन या रामनगरात झालं. बेळगावहून खानापूर, लोंढा करत गोव्याकडे जाताना अनमोड घाटाच्या आधी हे गाव लागतं. आपल्यापैकी बरेच जण तिथे चहाला थांबले असतील.

आईकडून लहानपणी ऐकलेल्या गोष्टींत नदी कायम असायची. मामा आणि त्यांचे सवंगडी संगमावर गरवायला बसायचे, आणि मासा मिळाला नाही तर घरी ओरडा बसायचा तो मासा न मिळाल्याबद्दल नाही, शाळा बुडवल्याबद्दल. मला मात्र गळाला आमिष कसं लावतात हे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. ते शिकलो अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात. कंपनीने तीन वर्षांसाठी हॅरिसबर्गला पाठवलं होतं. गावाला लागून सस्क्वेहाना नदी. पात्र इतकं रुंद की पलीकडची माणसं ओळखू येत नाहीत, पण बऱ्याच ठिकाणी उथळ, तळाला सगळा खडक. टीममधला एक वयस्क सहकारी दर शनिवारी तिथे स्मॉलमाउथ बास गरवायला जायचा. एका डिसेंबरात, बाहेर शून्याच्या आसपास तापमान असताना, त्याने मला बरोबर नेलं. मी मनात म्हटलं, हा माणूस वेडा आहे. पुढचे तीन हिवाळे मीही त्याच्याबरोबर वेडा होतो.

थंडीतल्या बासबद्दल थोडं सांगतो, कारण पुढच्या गोष्टीत ते कामाला येणार आहे. मासा थंड रक्ताचा. पाणी पाच-सात अंशांवर आलं की त्याच्या शरीराचा सगळा कारभार मंदावतो. भूक कमी, पाठलाग करायची ताकद कमी. अशा वेळी तो जोराच्या प्रवाहात थांबतच नाही. मोठ्या खडकाच्या मागे, जिथे धार दुभंगून मध्ये संथ पाण्याचा खिसा तयार होतो, तिथे किंवा खोल डोहात तो बसून राहतो. वेगवान पाणी आणि संथ पाणी यांची एक शिवण पृष्ठभागावर दिसते. डोळा सरावला की फेसाची रेघ, बुडबुड्यांची दिशा, यांवरून ती ओळखता येते. आमिष त्या शिवणीच्या आतल्या बाजूला टाकायचं आणि जवळजवळ हलवायचंच नाही. तळावरून गोगलगायीसारखं सरकवायचं, थांबायचं, मनात वीस म्हणायचे, पुन्हा इंचभर. मासा झडप घालत नाही, नुसतं वजन वाढल्यासारखं वाटतं. दिवसभरात असं दोनदा वाटलं तर दिवस चांगला गेला म्हणायचं. मीटिंगमध्ये दर दोन मिनिटांनी फोन बघणारा मी, त्या नदीवर चार तास एका दोरीकडे बघत उभा राहायला शिकलो.

तिथली आणखी एक गोष्ट. पेनसिल्व्हेनियात १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल छोट्या होडीत लाइफ जॅकेट अंगावर घालणं कायद्याने सक्तीचं आहे. नुसतं होडीत ठेवून चालत नाही, अंगावर हवं. थंड पाण्यात पडलेला माणूस, पोहता येत असलं तरी, काही मिनिटांत हातपाय हलवू शकत नाही, म्हणून. माझा सहकारी तर काठावर उभं राहतानाही ते घालायचा आणि मलाही घालायला लावायचा. परत येताना मी सामानात रॉड, रीळ आणि दोन लाइफ जॅकेटं भरून आणली. जॅकेटं बंगळुरूच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर गेली. ती तिथेच आहेत, हे लक्षात ठेवा.

गेल्या जानेवारीत संक्रांतीला जोडून सुट्टी मिळाली. बायकोचं रिलीज अडकलं होतं, म्हणून मी आणि सात वर्षांचे चिरंजीव असे दोघेच निघालो. हुबळी, धारवाड, हल्याळ, दांडेली असा रस्ता धरला. दांडेलीला पोरगं गाडीतून ओरडलं, "बाबा, चोच बघ!" रस्त्यालगतच्या झाडावर धनेश बसला होता. या भागात धनेश पुष्कळ, दांडेलीत त्यांच्या नावाने उत्सवही भरतो. तिथून गणेशगुडी, मग जगलबेट आणि रामनगर. सगळा रस्ता जंगलातून.

मामांचं वय आता बहात्तर. जेवताना मी बेत सांगितला. ते म्हणाले, "एवढा मोठा इंजिनियर झालास आणि गरवायला शिकलास अमेरिकेत? आमच्या नदीला काय झालं होतं?"

"तुमच्या नदीत गाव बुडालं मामा, शिकवायला कोण राहिलं?"

"खरं हाय की," ते म्हणाले आणि भात वाढून घेतला.

काळी नदी याच तालुक्यात, गोव्याच्या सीमेजवळच्या डिग्गी गावाच्या डोंगरात उगम पावते आणि १८४ किलोमीटर वाहून कारवारजवळ, सदाशिवगडाच्या पायथ्याशी समुद्राला मिळते. ज्या नदीच्या मुखाशी १८८३च्या सुमारास तरुण रवींद्रनाथ टागोर चांदण्यात होडीतून फिरले, तीच ही. त्यांचे थोरले बंधू कारवारला न्यायाधीश होते. आज ते नदीवरून वर यायला निघाले तर लवकरच अडतील. समुद्राकडून निघालं की आधी कद्रा धरण, मग कोडसळ्ळी, मग बोम्मनहळ्ळी, आणि सर्वांत वर सुपा. कद्र्याच्या जलाशयाकाठी कैगा अणुवीज केंद्र आहे. गंमत म्हणजे हॅरिसबर्गच्या खालीही नदीत थ्री माइल आयलंडचं केंद्र होतं, त्यामुळे माझ्या दोन्ही नद्यांना अणुभट्टीचा शेजार.

धरणांमुळे माणसांची गावं गेली, तशी माशांची वाटही गेली. गोव्यात ज्याला चणक म्हणतात आणि रायगडकडे जिताडा, तो खाडीतला मासा हा बासचाच आपल्याकडचा नातलग म्हणायला हरकत नाही. इंग्रजीत त्याला सी बासच म्हणतात. तो गोड्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला खाऱ्या पाण्याकडे उतरतो. कद्र्याच्या भिंतीला त्याच्यासाठी जिना नाही. तेव्हा जोयड्यात बास शोधायचा म्हटलं तर मिळणार नाही. जोराच्या प्रवाहात राहणारा, गळाला लागला की माणसाचे हात भरून आणणारा मासा इथे एकच, महासीर.

दख्खनी महासीराचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. यातलं खुद्री ऐकून मी चमकलो होतो. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली या माशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, ते पुण्याच्या मुळा-मुठेत सापडलेल्या माशावरून. आज बंडगार्डनच्या पुलावरून खाली बघताना यावर विश्वास बसत नाही. पुढे हा मासा कमी होत चालला तेव्हा लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने वळवण धरणाशी त्याची पैदास सुरू केली आणि तिथली पिल्लं देशातल्या कितीतरी नद्यांत सोडली गेली. म्हणजे विजेसाठी नदी अडवणाऱ्यांनीच पुढे मासाही वाढवला. या माशाच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. खेकडा, गोगलगाय, पाण्यात पडलेली उंबरं, सगळं तो घशात चिरडतो. पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि पाणी ओसरलं की डोहांत येऊन थांबतो. हिवाळ्यात पाणी निवळतं, तळ दिसायला लागतो, आणि गरवणाऱ्याचे दिवस येतात.

इथे एक खुलासा. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत मासेमारी चालत नाही, आणि ही हद्द तालुक्यात सगळीकडे पसरलेली आहे. गाडीत रॉड टाकून कुठेही उतरून गळ टाकण्याची ही जागा नव्हे. मामांचे एक जुने स्नेही आहेत, कुणबी समाजातले. त्यांना सगळे काकाच म्हणतात. त्यांच्याकडे मासेमारीचा परवाना आहे आणि त्यांची जमीन हद्दीबाहेर, नदीला लागून, सुपा धरणाच्या खालच्या अंगाला आहे. मी त्यांच्याबरोबर, त्यांच्या जागेत, आणि लागलेला मासा सोडून द्यायच्या बोलीवर गेलो. जागेचं नाव देत नाही. गरवणारी माणसं देत नसतात.

सोडून द्यायची बोली काकांना पटली नव्हती. "मग धरायचा कशाला?" त्यांनी विचारलं. मी गळाच्या टोकाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करत होतो, म्हणजे गळ सहज सुटतो. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं आणि मामांना कोंकणीत काहीतरी म्हणाले. मामा हसले. मला भाषांतर मिळालं नाही.

सकाळी सात वाजता नदीवर पोचलो तेव्हा अंगात स्वेटर होते आणि पाण्यावरून वाफ उठत होती. नदी अगदी खाली उतरलेली, जागोजागी काळे कातळ उघडे पडलेले. काकांनी आधी काठाची ओली रेती बघत एक फेरी मारली. मगरीच्या पोटाचा घासलेला माग दिसतो का ते बघत होते. काळीत मगरी आहेत आणि हिवाळ्यात त्या उन्हाला येऊन पडतात. "ती डोहात असते, खळाळात येत न्हाई," ते म्हणाले, तरी फेरी पूर्ण केली. मग त्यांनी आम्हाला काठापासून वीसेक फुटांवरचा एक सपाट कातळ दाखवला. मध्ये घोट्याएवढं पाणी. पोरगं आनंदाने छपछप करत पोचलं. मामा काठावर घोंगडीवर बसले, थर्मास घेऊन.

कातळावर पोचल्यावर काकांनी एक वाळकी काटकी पाण्याच्या कडेला, कातळाच्या भेगेत उभी खोचली. पोराला म्हणाले, "ही तुझी ड्युटी. पाणी काटकीला लागलं की बाबाला सांगायचं. मग सगळं टाकून काठावर." पोराने सॅल्यूट ठोकला. काका वरच्या डोहाकडे गेले.

आता हे पाणी वाढतं कशाने, ते सांगतो. सुपा धरणाची उंची १०१ मीटर आणि साठा सुमारे १४७ टीएमसी. धरणाच्या पायथ्याशी ५० मेगावॅटची दोन जनित्रं आहेत. ती बंद असली की खाली नदी ओढ्यासारखी होते, सुरू झाली की भरते. गणेशगुडीचं राफ्टिंगही याच पाण्यावर चालतं. मी नंतर घरी येऊन कागदावर हिशेब केला. पाण्याचा दाब सत्तर-ऐंशी मीटर उंचीचा धरला तर एका जनित्रातून सेकंदाला साधारण ७० ते ७५ घनमीटर पाणी बाहेर पडायला हवं. म्हणजे आपल्या सोसायटीत येतात तसे सहा-सात टँकर, दर सेकंदाला. अंदाज ढोबळ आहे, पण चित्र कळतं. आणि जनित्र सुरू कधी होणार? विजेची मागणी असेल तेव्हा. आदल्या दिवशी रस्त्यावर भेटलेल्या एका पोराने मला सांगितलं होतं, पाणी दहानंतर येतं. मी ते वेळापत्रक असल्यासारखं डोक्यात ठेवलं. काकांना मात्र विचारलं नाही.

गळाला नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा लावला होता, काकांच्या पद्धतीने. जागा मात्र सस्क्वेहानाने शिकवली. समोर तीस-पस्तीस फुटांवर एक मोठा खडक, त्याच्या मागे धार दुभंगलेली, मध्ये काचेसारखं पाणी आणि कडेने फेसाची रेघ. तीच शिवण. माझ्या पोटात गोळा आला, इतकी ओळखीची. फरक एवढाच, की बास थंडीने गारठून तिथे बसतो आणि महासीर वाहून येणारं खाणं टिपायला त्या रेघेच्या तोंडाशी उभा राहतो. म्हणून मी गोळा वरच्या बाजूला टाकून वाहू दिला. दोन तास काही नाही. चिरंजीवांनी तेवढ्यात बिस्किटांचा पुडा संपवला, काटकी चारदा तपासली आणि एकदा पाणमांजर पाहिलं. मी मान वळवेपर्यंत ते गेलं होतं, पण पोराचं वर्णन मला पुरेसं होतं. "बाबा, ओला कुत्रा होता, पण खूप हुशार."

सव्वानऊ-साडेनऊ झाले असतील. दोरी थांबली. वाटलं, दगडात अडकली. मी रॉड उचलला आणि दगड चालायला लागला.

जे गरवतात त्यांना पुढचं सांगायला नको, जे गरवत नाहीत त्यांना सांगून कळणार नाही. रीळ किंचाळायला लागलं, दोरी धारेत शिरली, मासा उताराकडे निघाला. चाळीस-पन्नास मीटर दोरी काही क्षणांत गेली. माझ्या आयुष्यात इतकं जड काही माझ्या गळाला लागलं नव्हतं.

"बाबा, काटकी ओली झाली."

"एक मिनिट रे."

हे दोन शब्द मी रोज घरी किती वेळा म्हणतो, ते बायकोला विचारा. लॅपटॉपसमोर म्हणतो, फोनवर म्हणतो. त्या दिवशी नदीत म्हणालो.

"बाबा, काटकी गेली."

तेव्हा वळलो. पोरगं कातळाच्या मध्यभागी येऊन उभं होतं, त्याच्या बुटांच्या पुढे हातभर अंतरावर पाणी. काठ आणि कातळ यांच्या मधलं घोट्याएवढं पाणी आता गुडघ्याच्या वर गेलेलं दिसत होतं. त्याचा आवाजच बदलला होता. काठावर मामा उभे राहून दोन्ही हात हलवत होते. ते कधीपासून ओरडत होते कुणास ठाऊक, खळाळापुढे ऐकूच येत नव्हतं. अजून रॉड माझ्या हातात वाकलेला होता, आणि हे लिहायला लाज वाटते, पण तेव्हाही सेकंदभर मी माशाचा विचार केला.

काका काठाने पळत आले. हातात उंच बांबू. ते सरळ पाण्यात शिरले, वाकडे-तिरके, प्रत्येक पावलाला बांबू रोवत कातळावर पोचले. पहिलं वाक्य, "दोरी काप." मी सुरी काढून कापली. ताण एकदम गेला आणि मी मागे कोलमडलो. मासा मी पाहिलाच नाही. केवढा होता, महासीर तरी होता का, देव जाणे. काटा दाबलेला होता म्हणून गळ त्याच्या तोंडातून लवकर गळून पडला असेल, एवढंच समाधान.

"पोराला पाठीवर घे. माझ्या मागं ये. मला सोडायचं न्हाई."

काका वरच्या बाजूला तोंड करून बांबू रोवून उभे राहिले, मी त्यांच्या पाठीला चिकटून, दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर, माझ्या पाठीवर पोरगं गळ्यात मिठी मारून. खेकड्यासारखं आडवं, एकेक पाऊल. काका "हं" म्हणाले की मी पाय उचलायचा. पाणी मांडीपर्यंत आलं. धरणाच्या तळाकडून आलेलं, गार. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो, हे बी. ई.च्या दुसऱ्या वर्षाला मी पाठ केलं होतं. पण गंमत अशी, की काकांच्या पाठीमागे मला जोर फारसा लागतच नव्हता. धार त्यांच्यावर दुभंगत होती आणि मी मधल्या संथ खिशात होतो, हॅरिसबर्गच्या बाससारखा. वीस फूट अंतर. एकदा माझा पाय गुळगुळीत दगडावरून सटकला तेव्हा काकांनी न वळता एक हात मागे आणून माझा पट्टा धरला. त्यांचं वय मामांएवढंच आहे.

काठावर पोचल्यावर कुणी काही बोललं नाही. पोराचा एक बूट गेला होता. पाच-सात मिनिटांत आमचा कातळ दिसेनासा झाला, फक्त त्याच्या जागी पाण्यावर एक फुगवटा राहिला. मला थरथर सुटली होती, आणि ती थंडीची नव्हती. हिवाळ्यात कायद्याने जे अंगावर घालावं लागायचं, ते माळ्यावर ठेवून, मी माझ्या मुलाला या नदीत उभं केलं होतं. काकांनी बजावलं होतं, पोराने सांगितलं होतं, मामा ओरडत होते. एकाचंही मी ऐकलं नव्हतं.

मामांनी थर्मासमधला चहा ओतून आधी काकांना दिला. मग मला. मी वाट बघत होतो की आता बोलणी बसतील. ते पाण्याकडे बघत म्हणाले, "सुप्याला नदी चढायची ती सांगून चढायची बघ. पावसाळ्यात वर पाऊस लागला की आधी पाण्याचा रंग बदलायचा, वास यायचा, पालापाचोळा वाहात यायचा. आमची आई वासावरून सांगायची, आज खाली जाऊ नका म्हणून. हे पाणी बघ. काचेसारखं. ऊन पडलंय, आभाळ निळं, आणि पाणी चढतंय."

थोड्या वेळाने म्हणाले, "आपल्या घरावरूनच आलंय ते."

दुपारी घरी मामीने कारवारहून आलेले बांगडे केले होते, तिरफळं घालून. नदीवर गेलेल्यांना समुद्राचा मासा, यावर घरात पुरेशी थट्टा झाली. बरोबर मुडलीची भाजी होती. मुडली म्हणजे अळूच्या जातीचा इथला कंद, चांगला हातभर लांब वाढतो. जोयड्याचे कुणबी असे कितीतरी कंद राखून आहेत, आणि जानेवारीत जोयड्यात त्यांचा मेळावा भरतो. आपल्यापैकी कुणाला त्या सुमारास यायचं जमलं तर राफ्टिंग आणि रिसॉर्टच्या आधी तो बघा. काका जेवायला थांबले नाहीत. त्यांना मी पैसे द्यायला गेलो तर त्यांनी हात मागे घेतले. शेवटी पोराने आपलं काढलेलं चित्र दिलं, ते घेतलं. चित्रात एक बांबू होता आणि चार डोकी. चौथं माशाचं होतं.

दुसऱ्या दिवशी मामा म्हणाले, चल तुला आजोळ दाखवतो. आम्ही जलाशयाच्या काठाला गेलो. जानेवारीतही पाणी भरपूर होतं, डोंगरांच्या पोटात शिरलेलं, कुठे संपतं कळत नव्हतं. मामांनी बोट केलं. तिकडे संगम. त्याच्या अलीकडे बाजार. त्या दिशेला शाळा. पाण्याच्या त्याच त्या निळ्या तुकड्यावर त्यांचं बोट अगदी ठरलेल्या जागी थांबत होतं, जणू नकाशा बघतायत. पोराने विचारलं, "आबा, तुमचं घर किती खोल आहे?" मामांनी विचार केला. म्हणाले, "पोहत गेलास तर दम पुरायचा नाही एवढं."

मग त्यांनी खिशातून तंगूसाची एक गुंडाळी काढली, काटकीला गुंडाळलेली, टोकाला साधा गळ. गळ टाकायला नव्हे, पोराला गाठ शिकवायला. दोघं एका दगडावर बसले. माझ्या अमेरिकन गाठीपेक्षा मामांची गाठ साधी होती आणि ओढून पाहिली तेव्हा तीच घट्ट निघाली. पोरगं अर्धा तास ती गाठ घालत आणि सोडत होतं. मी फोन गाडीत ठेवून आलो होतो.

घरी आल्यावर चिरंजीवांनी आईला सांगितलं की बाबांनी एवढा मोठा मासा पकडला आणि सोडून दिला. बूट कसा हरवला, याला त्याने "नदीत" असं एका शब्दात उत्तर दिलं. मीही तेवढ्यावर राहू दिलं, वर्षभर. मंडळाच्या अंकासाठी हा लेख लिहून झाला तेव्हा मात्र तिच्या आधी तुम्ही वाचणं बरं दिसलं नसतं, म्हणून काल रात्री तिला दिला. तिने शेवटपर्यंत वाचला, मग काही न बोलता आत गेली आणि स्टूल घेऊन माळ्यावरून दोन्ही जॅकेटं खाली काढली. धूळ झटकली. एक मला होतं. दुसरं पोराच्या अंगावर घालून बघितलं, ते गुडघ्यापर्यंत आलं.

"याच्या मापाचं मागव," ती म्हणाली. "आणि काकांसाठी एक."

मी म्हटलं, काका घालणार नाहीत.

"तरी मागव."

कालच ऑर्डर केलं.